तिसऱ्या चित्रपटाचा शेवट

चित्रपटत्रयीतल्या तिसऱ्या चित्रपटाकडे जाणकार प्रेक्षक बहुधा संशयानेच पाहतो. पहिल्यात नवलाई असते, दुसऱ्यात गुंता असतो. तिसऱ्याच्या वाट्याला उरते ती निरवानिरव. भरतमुनींनी नाट्याच्या पाच संधींपैकी शेवटच्या संधीला 'निर्वहण' म्हटले आहे. आधीच्या अंकांत विखुरलेली सारी बीजे एका ठिकाणी आणून त्यांना फलापर्यंत पोचवणे हे या संधीचे काम. वाचताना सोपे वाटते. पण नाटककाराची खरी दमछाक होते ती इथेच, कारण आता काहीच पुढे ढकलता येत नाही. कोण जगणार, कोण मरणार, कुणाला काय मिळणार, याची उत्तरे द्यावीच लागतात. आणि अशा वेळी एक प्रश्न हटकून पुढे येतो: ही उत्तरे देणार कोण?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर १९८३ सालच्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' या चित्रपटाच्या निर्मितीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. 'स्टार वॉर्स' (१९७७) आणि 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) यांच्यानंतरचा हा तिसरा आणि त्या काळी शेवटचा समजला गेलेला भाग. त्रयीतला हा सर्वांत दुबळा चित्रपट, असे पुष्कळ समीक्षकांचे मत आहे आणि ते मला बव्हंशी मान्य आहे. पण त्याच्या दुबळेपणाचे कारण कारागिरीत नाही. ते शोधायला पटकथेच्या बैठकीत डोकावावे लागते.

दुसऱ्या चित्रपटाने कथा मोठ्या विचित्र जागी आणून सोडली होती. ल्यूकचा हात तुटलेला. ज्याला तो शत्रू समजत होता तो डार्थ वेडर आपणच तुझा बाप असल्याचे सांगून बसलेला. आणि हान सोलो कार्बोनाइटच्या लादीत गोठलेला. यातली तिसरी गोष्ट केवळ कथेची गरज नव्हती. मार्क हॅमिल आणि कॅरी फिशर यांनी पुढच्या भागांचे करार केले होते, हॅरिसन फोर्डने केलेला नव्हता. तो परत येईल की नाही याची खात्री नसल्यामुळे त्याचे पात्र जिवंतही नाही आणि मृतही नाही अशा अवस्थेत ठेवणे सोयीचे होते. एका नटाच्या करारपत्राची सोय कथेत किती सुंदर मुरवता येते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल. पण लादी वितळवायची की नाही, हा प्रश्न तिसऱ्या चित्रपटाच्या दारात उभाच होता.

दरम्यान निर्मितीमागची माणसे बदलली. पहिल्या दोन्ही चित्रपटांचा निर्माता गॅरी कर्ट्झ बाजूला झाला आणि त्याच्या जागी हॉवर्ड कझँजियन आला. 'एम्पायर'चा खर्च ठरल्यापेक्षा बराच वाढला होता. तो पैसा जॉर्ज ल्यूकसने स्वतः उभा केलेला असल्याने त्याच्या जिवाला घोर लागला होता, हे एक कारण. दुसरे कारण कर्ट्झने बऱ्याच वर्षांनी, २०१० साली, एका मुलाखतीत बोलून दाखवले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मूळ आराखड्यात हान सोलो मरणार होता, लेया राणीपदाच्या ओझ्याखाली एकाकी पडणार होती आणि ल्यूक एकटाच निघून जाणार होता. खेळण्यांच्या विक्रीचा विचार वाढत गेला तसा हा आराखडा मागे पडला. बाहेर पडलेल्या सहकाऱ्याची साक्ष म्हणून तिच्याकडे थोडे जपूनच पाहायला हवे. मात्र खेळण्यांचा व्यवहार प्रचंड होता, यात वाद नाही.

दिग्दर्शकाच्या निवडीची कथाही बोलकी आहे. 'एम्पायर'च्या आरंभी दिग्दर्शक इर्विन कर्शनरचे नाव न झळकता शेवटी आले, म्हणून अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने दंड ठोठावला. संघटनेचे म्हणणे असे की 'ल्यूकसफिल्म' हे कंपनीचे नाव आरंभी येते, म्हणजे एका माणसाचे नाव येतेच. ल्यूकसने दंड भरला आणि संघटनेचे सभासदत्व सोडले. त्यामुळे मित्र स्टीव्हन स्पीलबर्गचे नाव मागे पडले असे सांगतात. डेव्हिड लिंचला विचारणा झाली. त्याने नकार दिला आणि तो 'ड्यून'कडे वळला. लिंचच्या हातून हा चित्रपट कसा झाला असता, हा कल्पनाविलास चित्रपटवेड्यांना अजून पुरतो. अखेर निवड झाली ती रिचर्ड मार्क्वंड या वेल्श दिग्दर्शकाची. 'आय ऑफ द नीडल' हा त्याचा हेरकथापट ल्यूकसला आवडला होता. मार्क्वंड कामसू होता, नटांशी त्याचे जमत असे. पण ल्यूकस चित्रीकरणाच्या जागी जवळजवळ रोज हजर असे आणि दुसऱ्या तुकडीचे चित्रीकरण स्वतः करत असे. शेजारच्या खोलीत शेक्सपिअर बसलेला असताना 'किंग लिअर' बसवण्यासारखे हे काम आहे, अशा अर्थाचे मार्क्वंडचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यात विनोद आहे, नम्रता आहे आणि थोडी तक्रारही आहे.

आता त्या बैठकीकडे येऊ. जुलै १९८१ मध्ये ल्यूकस, पटकथाकार लॉरेन्स कॅसडन, मार्क्वंड आणि कझँजियन कथेवर चर्चा करायला बसले. या बैठकीतले संभाषण पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आहे. मराठी नाटकाच्या अभ्यासकाला ते वाचताना आपल्याकडच्या शोकान्त-सुखान्त वादाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कॅसडनचा आग्रह असा की कुणीतरी महत्त्वाचे माणूस गेले पाहिजे. त्याशिवाय प्रेक्षकाला संकट खरे वाटणार नाही. त्याने थेट ल्यूकला मारून सूत्रे लेयाच्या हाती द्यावीत असे सुचवले. ते नाकारले गेल्यावर तो योडापर्यंत आला. ल्यूकसने त्यालाही आधी नकारच दिला आणि माणसे मारल्यानेच कथा चांगली होते हे तुझे मत म्हणजे ऐंशीच्या दशकाची देणगी आहे, असे त्याला ऐकवले. खुद्द फोर्डही हान सोलोने मरावे या मताचा होता. या पात्राला ना आई ना बाप, तेव्हा त्याने बलिदान केले तर कथेला वजन येईल, असे त्याचे म्हणणे. तेही फेटाळले गेले.

इथे ल्यूकसची बाजू सहानुभूतीने समजून घेतली पाहिजे. त्याच्या दृष्टीने ही परीकथा होती. मुलांनी ती पाहून समाधानाने घरी जावे, अशी त्याची इच्छा होती. संस्कृत नाटकानेही नायकाचा मृत्यू रंगमंचावर येऊ दिला नाही आणि त्यासाठी कालिदासाला कुणी भित्रा म्हणत नाही. पण शाकुंतलातला सुखान्त दुष्यंताच्या पश्चात्तापातून तावून निघालेला असतो. 'जेडाय'मधला हान सोलो लादीतून बाहेर येतो आणि नंतर त्याला करण्यासारखे काही उरतच नाही. तो विनोद करतो, जंगलात एक दार उघडायचा प्रयत्न करतो, आणि लेया आपली नाही या गैरसमजात थोडा वेळ घालवतो. ज्याचा मृत्यू नाकारला त्याला जगण्याचे कारण मात्र कुणी दिले नाही. चित्रपटाची खरी जखम मला हीच वाटते.

लेयाचेही तसेच. 'एम्पायर'मध्ये योडा आणखी एकाचा उल्लेख करतो. ती दुसरी व्यक्ती कोण, हे पुढे कधीतरी सविस्तर सांगण्याची कल्पना होती. परंतु त्रयी इथेच मिटवायची असे ठरल्यावर लेया हीच ल्यूकची बहीण करून टाकण्यात आली. प्रेमाचा त्रिकोण एका वाक्यात सुटला. लेयाला मात्र या नव्या नात्याचा भार पेलायला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त अवधी मिळाला नाही. आरंभीच्या खर्ड्यांत सम्राटाची राजधानी असलेला ग्रह आणि एकाऐवजी दोन 'डेथ स्टार' होते. खर्चामुळे राजधानी गळाली आणि एकच, तोही अर्धवट बांधलेला, डेथ स्टार उरला. पहिल्या चित्रपटाचा शेवट तिसऱ्यात पुन्हा झाला, असे प्रेक्षकाला वाटते ते उगाच नव्हे.

योडाचे काय झाले, ते मोठे गमतीचे आहे. त्याला या चित्रपटात आणण्याचा विचार प्रथम नव्हता. ल्यूकने परत येण्याचे वचन दिले होते, ते पाळले गेलेच पाहिजे, असा हट्ट मार्क्वंडने धरला. शिवाय वेडर हाच बाप, ही गोष्ट लहान मुले शत्रूची थाप समजून सोडून देतील. विश्वासातल्या माणसाने ती सांगायला हवी, असा सल्ला एका बालमानसशास्त्रज्ञाने दिल्याचे ल्यूकसने सांगितले आहे. म्हणजे बैठकीत ज्याचे मरण टळले होते तो योडा शेवटी मेलाच. एक वचन पुरे करून आणि एक साक्ष देऊन. चित्रपटातला हा प्रसंग अतिशय शांत आहे. फ्रँक ऑझच्या हातातल्या त्या बाहुलीला झोप येते तशी ती मरते.

चित्रीकरण जानेवारी १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत सुरू झाले आणि मे महिन्यात कॅलिफोर्नियात संपले. खर्च सुमारे ३ कोटी २५ लाख डॉलर. अमेरिकेतल्या चित्रीकरणासाठी 'ब्लू हार्वेस्ट' या खोट्या नावाचा आधार घेतला होता. भयपट वाटावा अशी जोडओळ त्याला होती आणि त्या नावाच्या टोप्या व सदरेही छापून घेतले होते. 'स्टार वॉर्स'चे नाव ऐकले की लाकूडवाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे दर वाढवतात, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. यूमाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत जॅबाची प्रचंड नौका उभी राहिली तेव्हा मात्र चाहत्यांना सुगावा लागलाच.

कारागिरीबद्दल लिहायचे तर दोन गोष्टींवर थांबावेसे वाटते. पहिली म्हणजे रेडवुडच्या जंगलातला उडत्या दुचाक्यांचा पाठलाग. झाडांच्या बुंध्यांमधून ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने जाणारा कॅमेरा आणायचा कुठून? उत्तर असे निघाले की वेग आणायचाच नाही. स्टेडिकॅम या, चालताना धक्के न बसू देणाऱ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा जनक गॅरेट ब्राउन स्वतः त्या जंगलात आला. जमिनीवर वाट आखून घेतली गेली आणि तो कॅमेरा घेऊन तीवरून जपून चालत गेला. नेहमी सेकंदाला २४ चौकटी टिपतात. इथे सेकंदाला जेमतेम एक टिपली जात होती. ती फिल्म नेहमीच्या गतीने दाखवली की चालणारा माणूस पक्ष्यासारखा सुटतो. निळ्या पडद्यासमोर दुचाकीवर बसवलेले नट या दृश्यावर नंतर चढवण्यात आले. पडद्यावरच्या सर्वांत वेगवान पाठलागाच्या मुळाशी पाय सांभाळत चाललेला एक माणूस आहे, हे कळल्यापासून तो प्रसंग मला अधिकच आवडू लागला.

दुसरी गोष्ट अंतराळातल्या लढाईची. संगणकाने चित्रे काढण्याचे दिवस अजून यायचे होते. या चित्रपटात संगणकाचे काम मुख्यतः हल्ल्यापूर्वीच्या सभेतल्या तरंगत्या नकाशापुरते आहे. बाकी प्रत्येक यान म्हणजे एक छोटी प्रतिकृती. ती वेगळी चित्रित करायची, तिची छाया-चौकट वेगळी काढायची, तारे वेगळे, किरण वेगळे, स्फोट वेगळा. आणि मग हे सगळे थर ऑप्टिकल प्रिंटरवर एकमेकांवर छापायचे. एका दृश्यात असे अनेक दहा थर असत. एखाद्या थरात केसभर चूक झाली की यानाभोवती काळी रेघ दिसू लागे आणि सगळे पुन्हा. डेनिस म्यूरन, रिचर्ड एडलंड आणि केन रॉल्स्टन यांनी हे काम आपापसांत वाटून घेतले होते. ल्यूकसने संकलन बदलून तयार झालेली पुष्कळ दृश्ये टाकून दिली तेव्हा कारागिरांवर काय प्रसंग गुदरला असेल, त्याची कल्पना करावी. त्या दिवसाला तिथे 'काळा शुक्रवार' असे नाव पडले. या तिघांना आणि प्राणी घडवणाऱ्या फिल टिपेटला १९८४ साली विशेष ऑस्कर मिळाले.

ईवॉक या अस्वलासारख्या बुटक्या वनवासी लोकांवर जितकी टीका झाली तितकी क्वचितच कशावर झाली असेल. खेळण्यांसाठीच त्यांचा जन्म झाला, हा आरोप आजही होतो. परंतु त्यांची मुळे जुनी आहेत. यंत्रसज्ज साम्राज्याला जंगलातले लोक दगड-लाकडांनी हरवतात, ही कल्पना ल्यूकसच्या मनात व्हिएतनामच्या युद्धापासून होती; 'अपोकॅलिप्स नाऊ' एके काळी तोच दिग्दर्शित करणार होता. प्रथम हे काम च्युबाकाच्या जमातीकडे होते, पण च्युबाका यान दुरुस्त करणारा तंत्रज्ञ ठरल्यामुळे नवी, बुटकी जमात निर्माण झाली. अमेरिकन प्रेक्षक टाळ्या वाजवत होते त्या व्हिएत काँगसाठी, हे त्यांच्यापैकी कितींच्या लक्षात आले असेल? मऊ लोकरीत गुंडाळल्यामुळे ते लपून गेले. त्यांची भाषा रचताना ध्वनिरचनाकार बेन बर्टने काल्मिक भाषेचे ध्वनी आधाराला घेतले. तिबेटी आणि नेपाळी बोलींचेही अंश त्यात आहेत. केनी बेकर आजारी पडल्यामुळे विकेट हे प्रमुख ईवॉक पात्र अकरा वर्षांच्या वॉरविक डेव्हिसकडे आले, आणि तो साऱ्या जमातीत उठून दिसतो.

चित्रपटाचे नाव प्रथम 'रिव्हेंज ऑफ द जेडाय' असे जाहीर झाले होते. भित्तिपत्रके आणि जाहिरातपट बाहेरही पडले. प्रदर्शनाला काही महिने उरले असताना ल्यूकसने 'रिव्हेंज' काढून 'रिटर्न' केले, कारण जेडाय सूड घेत नाही. हा बदल योग्यच होता, कारण ल्यूक, वेडर आणि सम्राट यांचा सिंहासनकक्षातला प्रसंग हाच या चित्रपटाचा प्राण आहे आणि त्याचा आशय सूड नाकारणे हाच आहे. शत्रू हरलेला, त्याचा हात तुटलेला; तेव्हा मुलगा स्वतःच्या कृत्रिम हाताकडे पाहतो आणि शस्त्र फेकून देतो. मग बाप उठतो. सम्राट झालेला इयन मॅकडायर्मिड त्या वेळी चाळिशीचाही नव्हता. रंगभूषेखालचा त्याचा आवाज ऐकताना हे खरे वाटत नाही.

यानंतर मुखवटा निघतो. वेडरच्या चिलखतात डेव्हिड प्राउझ होता, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा होता. चेहरा मात्र तिसऱ्याच नटाचा, सेबॅस्टियन शॉ या वृद्ध इंग्रज अभिनेत्याचा. ही निवड इतकी गुप्त ठेवली होती की प्राउझलाही ती आधी कळली नाही. मग मुलगा रात्री एकटाच बापाच्या चितेला अग्नी देतो. हा प्रसंग उशिरा सुचला आणि ल्यूकसच्या कॅलिफोर्नियातल्या जागेवर चित्रित झाला. आपल्या प्रेक्षकाला त्यात वेगळे काही सांगावे लागत नाही. सारे आयुष्य अधर्मात गेलेल्या बापाचेही मुलाने हे एक देणे फेडायचे असते, हे त्याला ठाऊकच असते. भोवती आतषबाजी चालू असताना ही एकच चिता जळते. कॅसडनला जे वजन हवे होते ते संपूर्ण चित्रपटात इथे सापडते.

२५ मे १९८३ रोजी, पहिल्या चित्रपटाला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, 'जेडाय' प्रदर्शित झाला आणि पहिल्या फेरीत अमेरिका-कॅनडात त्याने सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. पुढच्याच महिन्यात जॉर्ज आणि मार्शा ल्यूकस यांनी घटस्फोट जाहीर केला. मार्शा ही या चित्रपटाच्या तीन संकलकांपैकी एक. पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या संकलनाच्या ऑस्करमध्ये तिचा वाटा होता. रडण्याचे आणि मरण्याचे प्रसंग तिच्याकडे सोपवले जात, असे सांगतात. मार्क्वंड १९८७ साली, पन्नाशीही न गाठता, वारला.

शेवट करण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता त्यानेच पुढे तो पुन्हा पुन्हा उघडला. १९९७ च्या आवृत्तीत ईवॉकांचे समारोपाचे गाणे काढून जॉन विल्यम्सचे दुसरे संगीत घातले गेले. २०११ मध्ये सम्राटाला उचलणाऱ्या मूक वेडरच्या तोंडी नकाराचा आक्रोश आला. जे न बोलता कळत होते ते बोलून दाखवले गेले. २०१२ साली ल्यूकसने आपली कंपनी डिस्नेला विकली आणि अधिकारच हातातून गेला. २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये हान सोलो अखेर मारला गेला. त्या चित्रपटाच्या पटकथाकारांत कॅसडनचे नाव आहे. बैठकीनंतर चौतीस वर्षांनी त्याचे म्हणणे ऐकले गेले. २०१९ मध्ये आणखी एका त्रयीचा तिसरा चित्रपट आला, तेव्हा बापाने विवरात फेकलेला सम्राटच जिवंत होऊन परतला.

सेबॅस्टियन शॉ १९९४ मध्ये गेला. २००४ च्या आवृत्तीत, चितेनंतर ल्यूकला दिसणाऱ्या तेजोमय आकृतींमधून त्याला काढून तिथे, नंतरच्या चित्रपटांत तरुण अनाकिन झालेला हेडन क्रिस्टेन्सन बसवण्यात आला. मुखवटा निघतो त्या प्रसंगात शॉ अजून आहे. फक्त त्याच्या भुवया पुसल्या आहेत. त्यामुळे आज जो चित्रपट पाहायला मिळतो त्यात मुलगा निरोप घेतो एका म्हाताऱ्याचा, आणि त्याच रात्री झाडीत उभा राहून त्याच्याकडे हसून पाहणारा बाप असतो दुसराच कुणी, ज्याचा चेहरा त्याने जन्मात पाहिलेला नाही.